घरची संत्री

"चंपतरावची काय चिंता, त्याची बाग आहे." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या कारखान्यात ते दिवसातून एकदा तरी कानावर यायचं. म्हणणाऱ्यांचा दोष नव्हता, त्यांना खरं माहीतच नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी चार महिने तोंड शिवून बसले होते. त्यामुळे मला आधी माझा राग येतो आणि मग कंपनीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. हे लिहिते आहे त्या घडीपर्यंत तरी तिथलाच पगार खाते आहे.

आमचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांखाली लोखंडी रोलर असतात, ते आम्ही बनवतो. मी वंदना, टाइम ऑफिसची कारकून. सतरा वर्षांपासून सगळ्यांच्या हजेऱ्या, रजा आणि उशीर माझ्या हाताखालून जातात. चंपतराव बेअरिंग बसवायच्या खात्यात होते, चोवीस वर्षांची नोकरी. तयार रोलर दोन्ही हातांनी फिरवायचा, मान तिरपी करून ऐकायचं आणि "हा रडून राहिला गा, उतरवा याले" म्हणून बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. तपासायचं मशीन फार नंतर आलं. मशीन पास म्हणायचं आणि चंपतराव नापास म्हणायचे, असं दोनदा झालं. दोन्ही वेळा रोलर उघडून पाहिला तर आत बेअरिंगला चीर होती. तिसऱ्यांदा कोणी उघडून पाहिलं नाही. चंपतराव म्हणतील ते, असं ठरून गेलं.

माणूस काडीचा, पण ताठा पाहण्यासारखा. शर्टाची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. पर्मनंट झाल्याचं पत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं, आणि ते घरी देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. "ताई, हे पत्र भेटलं त्या दिवशी मायनं गावात पेढे वाटले होते," असं त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

आणि त्यांची संत्री. दर डिसेंबरात एका सोमवारी चंपतराव स्कूटरच्या पुढ्यात पोतं ठेवून यायचे. काटोलकडच्या त्यांच्या गावी बाग होती, तिथली. "घरची आहेत, घ्या बाप्पा, लाजू नका." त्या दिवशी वर्कशॉपभर सालं पडायची आणि झाडणारी प्रयागबाई शिव्या देत देत स्वतःही चार ओच्यात टाकायची. गेटवरचा गार्ड, कँटीनवाले, ट्रकचे ड्रायव्हर, सगळ्यांचा वाटा असायचा. आमच्या प्लांटचे मुख्य हर्षित सर यांच्यासाठी पातळ सालीची निवडून वेगळी पिशवी. सर पिशवी हातात घेऊन दर वर्षी म्हणायचे, "चंपतरावजी, असली किसान तो आप हो, नौकरी तो शौक से करते हो." आणि चंपतराव दिवसभर फुललेले.

मंदी आमच्याकडे एका दिवसात आली नाही. आधी तिसरी पाळी गेली. मग ओव्हरटाइम गेला. मग सीताबर्डीहून सुटणारी कंपनीची बस बंद झाली आणि लोक एका गाडीवर तिघं बसून येऊ लागले. चहा दोनदाचा एकदा झाला. तयार रोलर गोदामात मावेनात म्हणून बाहेर ताडपत्रीखाली गेले. त्याच महिन्यात हर्षित सरांच्या केबिनला नवा एसी लागला. बसवणाऱ्याची गेटएंट्री मी स्वतः केली, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. युनियनबद्दल विचारू नका. तिचा जुना पुढारी आता आमच्याच कँटीनचा ठेका चालवतो, आणि चहा एकदाच द्यायचा ही कल्पना त्याचीच.

टाइम ऑफिसच्या खिडकीतून अशा दिवसांत माणसं स्वच्छ दिसतात. लोकांनी आजारी पडणं सोडलं. वेल्डर नानाजी अंगात ताप घेऊन आले आणि मी घरी जा म्हटलं तर हात जोडू लागले. वर्षानुवर्षं ज्यांना उशिरासाठी ओरडले, ते अर्धा तास आधी येऊन गेटला टेकून उभे. एकाच ताटात जेवणारे एकमेकांच्या चुका केबिनपर्यंत पोचवू लागले. मी काही वेगळी नव्हते. कॉलेजांचे सगळे कागद मोबाइलवर आले तसं माझ्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान बसलं होतं. घर माझ्या पगारावर चाललं होतं. सरांनी बेल वाजवली की पहिल्या ठोक्याला उठायची सवय मला त्याच दिवसांत लागली. मला त्या सवयीची आजही लाज वाटते.

ऑगस्टमध्ये मुंबईच्या हेडऑफिसातून रितिका मॅडम आल्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं गोड, प्रत्येकाला 'जी'. त्यांनी एक फॉर्म आणला होता. कर्मचाऱ्यांचं मनोबल कसं आहे याची पाहणी करायची म्हणे. फॉर्म इंग्रजीत, म्हणून मला सांगण्यात आलं की कँटीनमध्ये सगळ्यांना बसवा आणि एकेक प्रश्न मराठीत सांगा.

वरच ठळक छापलं होतं, नाव लिहू नये, मोकळेपणाने लिहावे. मी ते वाचूनही दाखवलं. पण सतरा वर्षं मी या लोकांना एकच शिकवत आले होते की, टोकन नंबर नसलेला कागद माझ्या खिडकीवर आणायचा नाही. रजेचा अर्ज असो की बुटांची मागणी, नंबर नाही तर कागद परत. नंबर न टाकता दिलेले अर्ज मी लोकांच्या तोंडावर फेकलेले आहेत. त्यामुळे फॉर्म हातात पडताच एकशे चाळीस माणसांनी माना खाली घातल्या आणि उजव्या कोपऱ्यात आपापला टोकन नंबर टाकला. मी पाहत होते. मला ते खटकलंसुद्धा नाही. उलट बरं वाटलं.

पहिला प्रश्न होता, तुम्हाला तुमची नोकरी किती सुरक्षित वाटते? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण. मी विचारलं आणि जो तो आधी शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहू लागला. मग एकेकाने पाचावर खूण केली. ज्याच्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली होती त्यानेही पाच, ज्याने पोराला कॉलेजातून काढलं त्यानेही पाच. एक लिहायची हिंमत कोणाची होती? मी माझ्या फॉर्मवर पाचच लिहिले.

सातवा प्रश्न असा होता की नोकरी नसल्यास कुटुंबाला उत्पन्नाचं दुसरं साधन आहे का, असल्यास कोणतं. चंपतरावांचा पेन तिथे थांबला. मी त्यांच्या टेबलाशीच उभी होते. शेजारी बसलेल्या नानाजींनी त्यांच्या फॉर्मात डोकावून पाहिलं.

"का गा चंपत, कोरं काहून ठेवलं? बाग लिही ना."

"राहू दे ना गा," चंपतराव पुटपुटले.

"काहून राहू दे? लपवून राहिला का आमच्यापासून?"

सगळे हसले. आणि मी, अतिशहाणी, मोठ्याने म्हणाले, "लिहा ना भाऊ, आमी काय संत्री खाल्ली नाई का तुमची?" पुन्हा हशा झाला. चंपतराव माझ्याकडे पाहून हसले. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, चार एकर संत्र्याची बाग, मालकीची.

गठ्ठा घेताना रितिका मॅडमची नजर कोपऱ्यातल्या नंबरांवर गेली. त्यांनी दोन-चार फॉर्म उलटून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि मंद हसल्या. "वंदनाजी, कितनी डिसिप्लिन है आपके यहाँ." मला मेलीला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर रंगीत पोस्टर लागलं की आमच्या ब्याण्णव टक्के कर्मचाऱ्यांना आपली नोकरी सुरक्षित वाटते. खाली हेल्मेट घातलेल्या कोणा परक्या गोऱ्या माणसाचा हसरा फोटो. त्याच दुपारी माझ्याकडे अकरा टोकन नंबरांची यादी आली आणि या लोकांना एकेक करून केबिनमध्ये पाठवा असा निरोप. पहिले चार गेले तोवर मला कळलं नाही. पाचवा गेला तेव्हा लक्षात आलं. एकाच्या बायकोचं शिलाईचं दुकान होतं. एकाची वरची खोली भाड्याने होती. एकाचा पोरगा रिक्षा चालवत होता. सातव्या प्रश्नात ज्यांनी काही ना काही लिहिलं ते हे अकरा. ज्यांना झळ कमी बसेल त्यांनी आधी स्वेच्छेने जावं, असा हिशोब होता. हर्षित सर मला म्हणालेसुद्धा, "देखिए, हम इन्सानियत से कर रहे हैं." माणसांना मोकळेपणाने बोला म्हणायचं, बोलले की तेच त्यांच्या गळ्याला लावायचं आणि वर त्याला इन्सानियत म्हणायचं! मी सरांना काय म्हणाले? मी "हो सर" म्हणाले.

चंपतराव आठवे होते. केबिनमधून बाहेर आले ते सरळ माझ्या ऑफिसात. दार लोटून घेतलं. त्यांच्या हातात राजीनाम्याचा छापील कागद होता, खाली सहीची जागा रिकामी.

"ताई, सर म्हनतात, तुमची बाग आहे, तुमाले काय फरक पडते."

"मंग? त्याहिले सांगा ना, बागेत काही होत नाही म्हणून."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ टेबलावरच्या रजिस्टरची कड सरळ करत राहिले.

"बाग नाई ताई."

"म्हणजे?"

"नाई म्हनजे नाई. पर्मनंटचं पत्र भेटलं तवाच मी माझा हिस्सा भैयाजीले सोडून देल्ला. तो माझा लहाना भाऊ, त्याले नोकरी ना धंदा. म्या म्हटलं मले आता काय कमी, मले पक्की नोकरी हाय, तू घे. तहसीलीत जाऊन सही करून आलो. चार-पाच साल त्यानं संत्री पाठवली. मंग झाडं वाळली, त्यानं बाग तोडून टाकली. आता तिथं तूर राहते."

"मग ही दर वर्षीची संत्री?"

"कळमन्याची." कळमना म्हणजे आमच्याकडचा फळांचा ठोक बाजार. चंपतराव खाली मान घालून बोलत होते. "पहिल्या साली वाटलं, आता सगळे वाट पाहून राहिले, काय सांगू? म्हनून इकत आणली. मंग दर सालीच आणत गेलो."

मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. संताप आला, तोही आधी त्यांचाच. कशाला मिरवायचं? पण मग आठवलं की कँटीनमध्ये त्यांचा पेन थांबला होता, आणि त्याला धक्का मी दिला होता.

"देवकीले काही सांगू नका," ते म्हणाले. देवकी म्हणजे त्यांची बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा धंतोलीत डायलिसिस, आणि ते चालायचं ते नोकरीमुळे मिळालेल्या विम्याच्या कार्डावर. नोकरी गेली की थोडे महिने कार्ड चालतं, मग तेही जातं. हे सगळं मला ठाऊक होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते दोन तास आधी सुटायचे आणि त्या रजेवर मीच शिक्का मारायचे.

"भाऊ, खरं सांगून टाका," मी म्हटलं. "सरांले जाऊन सांगा, बाग नाही म्हणून. कागद दाखवा. बाग नसली तर यादीत नावच कसं राहील?" हा सल्लाही माझाच, हे लिहून ठेवते.

लोक सातबाऱ्यावर आपलं नाव चढावं म्हणून तलाठ्याच्या दारात चपला झिजवतात. चंपतराव दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेले ते आपलं नाव नाही हे दाखवणारा सातबारा आणायला. तलाठ्याने म्हणे दोनदा विचारलं, "नाव लावायचं आहे का?" हे म्हणाले, नाई, नाव नाई येवढंच पायजे. भैयाजीला वाटलं, भाऊ हिस्सा मागायला आला, त्याने घरात पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी चंपतराव तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत आले. पर्मनंटचं पत्रही देवाजवळून काढून सोबत घेतलं होतं.

केबिनमध्ये चौघं होतो. हर्षित सर, रितिका मॅडम, चंपतराव आणि नोंद घ्यायला मी. चंपतरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. हिस्सा सोडल्याचं, झाडं तोडल्याचं, कळमन्याचं. सरांच्या तोंडावर ती पातळ सालीची पिशवी आठवून काहीतरी हलेल असं मला वाटलं होतं. त्यांनी सातबारा उलटसुलट पाहिला आणि रितिका मॅडमकडे सरकवला.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे फॉर्ममध्ये तुम्ही खोटं लिहिलं?"

चंपतरावांना प्रश्नच कळला नाही. "हाव, पन ते असंच लिहिलं होतं, मॅडम. सगळे बसले होते ना."

"कंपनीच्या कागदावर खोटी माहिती दिली. टोकन नंबर टाकून दिली." मॅडमचा आवाज तेवढाच गोड. "यावर चौकशी लागू शकते. चौकशीत नोकरी गेली तर काहीच मिळत नाही. त्यापेक्षा स्वेच्छेने सही केली तर निदान इज्जतीने जाल."

एकदा वाटलं, पेपरवेट उचलून फेकावा. बाग आहे म्हणून जा, आणि बाग नाही म्हणूनही जा! मग राहायचं कोणी आणि कशाच्या जोरावर? तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "वंदना, फॉर्म भरताना खरी माहिती लिहा असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं ना?"

फॉर्मच्या तळाशी तशी एक ओळ होती आणि मी ती वाचून दाखवली होती. त्यामुळे उत्तर खोटं नव्हतं. पण मी आणखीही काहीतरी म्हणाले होते, मोठ्याने, हसत. नाव लिहू नका असं छापलेलं असताना नंबरही माझ्याच धाकाने पडले होते. हे सगळं त्या क्षणी जिभेवर होतं. चंपतराव माझ्याकडे पाहत होते. मला माझं घर दिसलं, बंद पडलेलं झेरॉक्स मशीन दिसलं.

"हो सर," मी म्हटलं.

चंपतरावांनी सही केली. सहीखाली टोकन नंबर टाकला, न सांगता.

गेटवर टोकन माझ्याकडेच जमा करावं लागतं. त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवतील. ऐकवायलाच हवे होते, मी मोकळी झाले असते. पण ते म्हणाले, "ताई, एक करजा. खाली कोनाले सांगू नका, संत्री कळमन्याची होती म्हनून. वाटू द्या त्याहिले, बाग आहे."

मी वचन दिलं. तेवढंच माझ्याकडून झालं.

आणि मग सुरू झालं ते वाक्य. "चंपतरावची मजा आहे गा, बागेत खाट टाकून पडला असंन." "आपल्याले बाग असती तर आपनबी राजीनामा तोंडावर मारला असता." मी फोनवर विचारायची तेव्हा कळायचं की ते एका गोदामात बारा तास पहारा देतात, देवकीवहिनींचं कार्ड संपत आलं आहे, आणि आठवड्यातला एक डायलिसिस त्यांनी स्वतःच बंद केला आहे. वहिनींच्या पायावर सूज चढायला लागली होती. इकडे रोलर परत येऊ लागले होते, मशीनने पास केलेले, पट्ट्यांवर जाऊन महिन्याभरात जाम झालेले. सर म्हणायचे, बाजारच खराब आहे.

डिसेंबर लागला. नानाजी खिडकीशी येऊन म्हणाले, "वंदनाताई, चंपत या साली संत्री पाठवते का नाई? का विसरला आमाले?"

त्या रविवारी मी कळमन्याला गेले. संत्री निवडायची मला अक्कल नाही, मिळाली तशी पोतंभर घेतली. सोमवारी रिक्षातून कारखान्यात आणली आणि सांगितलं, चंपतभाऊंनी पाठवली. लोकांनी उड्या टाकल्या. नानाजींनी एक फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "या साली आंबट निघाली गा. मालक जागेवर नसला का असंच होते."

"मालक तर आता चोवीस तास बागेतच आहे," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

जानेवारीत फॉर्म पुन्हा आला. या वेळी रितिका मॅडम आल्या नाहीत, त्यांनाही हेडऑफिसने काढलं होतं. त्यांच्या फॉर्मात त्यांनी काय लिहिलं होतं देव जाणे. सरांनी गठ्ठा माझ्याच हातात दिला. "वंदना, मागच्यासारखं व्यवस्थित भरून घ्या." तेच प्रश्न. सातवाही तोच. गठ्ठा घेऊन मी वर्कशॉपमधून जात होते तेव्हा नानाजी कोणालातरी सांगत होते, "मी तर या वेळी पोराचं मोबाइलचं दुकान लिहितो. आपलीबी इज्जत आहे ना." ते दुकान दिवाळीलाच बंद झालं होतं. मला माहीत होतं, कारण बंद दुकानाचं थकलेलं भाडं त्यांनी पगाराची उचल घेऊन भरलं होतं आणि उचलीचा अर्ज माझ्याकडे होता.

यादी सातव्या प्रश्नावरून निघाली हे खाली कोणाला ठाऊक नव्हतं, आणि बागवाले चंपतराव मजेत आहेत असं धरून चालणाऱ्यांनी नुसतं माझं "लिहू नका" ऐकलं नसतं. यांना अडवायचं तर एकच गोष्ट सांगावी लागणार होती, आणि तीच न सांगायचं वचन मी दिलं होतं. मी ऑफिसात जाऊन चंपतरावांना फोन लावला. ते ड्यूटीवर होते. मी सगळं सांगितलं, फॉर्म पुन्हा आला, नानाजी दुकान लिहायला निघालेत. आणि जे केबिनमध्ये बोलले नाही तेही बोलले. "भाऊ, नंबर टाकायची सवय मी लावली. बाग लिहा मीच म्हटलं. आणि सरांनी विचारलं तवा मी गप राहिली."

पलीकडे त्यांनी कोणाची तरी गाडी आत सोडली, गेट लावल्याचा आवाज आला. 

"मले मालूम आहे ताई," चंपतराव म्हणाले. "मीबी तुमच्या जागी असतो तर गपच राहिलो असतो."

"मी सांगू का त्यांले? कळमन्याचं?"



"सांगा," ते म्हणाले. "पन मी निवडून आणत होतो, हे बी सांगजा. पहाटे जाऊन एकेक हातात घेऊन पाहात होतो. एकबी आंबट राहत नव्हतं."

कँटीनमध्ये एकशे एकोणतीस माणसं बसली होती. मी फॉर्म वाटले. माना खाली गेल्या, पेन उजव्या कोपऱ्याकडे वळले.

"थांबा," मी ओरडले. "नंबर टाकू नका. कोणीबी नंबर टाकू नका."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सतरा वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दाराशी हर्षित सर चहाचा कप घेऊन उभे होते, ते मी पाहिलं. 

मग मी चंपतरावांच्या बागेचं सांगायला सुरुवात केली. बाग नव्हती, कधीचीच नव्हती, ही नोकरी पक्की आहे या भरवशावर सोडून दिली होती. त्यांना काढलं ते त्याच बागेच्या नावाखाली, आणि बाग नाही म्हटलं तर खोटं बोलले म्हणून. वहिनींच्या पायावर सूज आहे, हेही सांगितलं. टोकन नंबरांचं सांगितलं. माझ्या "हो सर"चं सांगितलं. सर पुढे आले, "वंदना, बस हो गया," म्हणाले. मी थांबले नाही.

नानाजींनी पेन खाली ठेवला. ते विचारत होते, मला नाही, असंच कोणालातरी, "म्हनजे ते सारी संत्री इकत आणलेली होती?"

"हो," मी म्हटलं. "पण निवडून आणलेली. या वर्षीची आंबट होती ती मी आणली."